थेंब टाकणारे हात

अकोटात तेव्हा डोळ्यांचे दोनच आजार होते: डोळे येणे आणि मोती होणे. पहिला घरभर फिरायचा आणि आठवड्याभरात निघून जायचा. दुसरा म्हातारपणी यायचा, आणि तो पिकेपर्यंत वाट पाहायची असते हे पोरासोरांनाही ठाऊक होते. याखेरीज डोळ्याला जे काही होई त्याला आजार म्हणायची पद्धत नव्हती. ते वय असायचे, नशीब असायचे, नाहीतर कोणाची तरी दृष्ट.

मी सांगते आहे ते १९७०च्या दशकातले अकोट. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग आणि तिच्यावर नरनाळ्याचा किल्ला. गावात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या बंड्या, सतरंज्यांचे माग, अकोलखेडच्या बाजूला पानमळे. मीटरगेजची गाडी अकोल्याहून यायची, क्षणभर टेकायची आणि सातपुडा ओलांडून खंडव्याकडे निघून जायची. अकोला पंचेचाळीसेक किलोमीटर. पण डोळ्यासाठी अकोल्याला जायचे म्हणजे कामाचा दिवस मोडायचा आणि सोबतीला आणखी एक माणूस मोडायचा. गावातल्या डॉक्टरांकडे ताप, खोकला, हगवण यांना औषध होते; कंपाउंडर बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवून डोसाच्या खुणा करून द्यायचा. डोळ्यासाठी एखादे मलम मिळे. तेवढ्यात भागले नाही तर घर होतेच: मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, बाळंतिणीचे दूध. यातले काहीच डोळ्यात पडले नाही असा माणूस आमच्या गल्लीत विरळा.

अधूनमधून नेत्रशिबिर व्हायचे. शाळेच्या वर्गातली बाके बाहेर निघत, खाली गाद्या पडत, आणि पंचक्रोशीतले म्हातारे-म्हाताऱ्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून ओळीने निजलेले दिसत. शिबिराचे यश मोजायला सोपे होते. पट्टी सुटली की बुढ्याला समोरचा नातू दिसे, मग जाड भिंगाचा चष्मा मिळे, आणि तो चष्मा मिरवत माणूस बाजारभर हिंडे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भरही मोतीबिंदूवरच होता. ते योग्यच होते. सर्वात जास्त लोकांची नजर त्यानेच जात होती आणि ती परत आणता येत होती. पण त्यातून एक समजूत गावोगाव घट्ट बसली: डोळ्याचा इलाज म्हणजे ऑपरेशन, आणि ऑपरेशन म्हणजे पुन्हा दिसणे. काचबिंदू या समजुतीत कुठेच बसत नाही. आमच्या घराला ते कळायला दोन पिढ्या लागल्या.

आमचे आबाजी, म्हणजे आजोबा, रोज पोथी वाचायचे. चष्मा लावून, अगदी बारीक टायपातली. आणि पोथी मिटून उठले की उंबरठ्याला ठेचकाळायचे. बाजूने आलेली सायकल त्यांना कळायची नाही, खाली ठेवलेला गडवा पायाने उडायचा. 'पायाखाली पायतच नाई बुढा,' असे आजी म्हणे. घरात कोणालाच यात कोडे वाटले नाही. ज्याला पोथीतले अक्षर दिसते तो आंधळा होत चालला आहे, असे म्हणेल कोण?

काचबिंदूची चालच तशी. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होते आणि कडेच्या बारीक जाळीतून झिरपून बाहेर जाते. जाळी तुंबली की आतला दाब वाढतो, आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतले दहा-बारा लाख तंतू हळूहळू मरू लागतात. आधी कडेची नजर जाते. मधली बहुधा शेवटपर्यंत टिकते. याचा एक प्रकार अचानक उठतो: डोळा लालबुंद होतो, अर्धे डोके फुटायला येते, उलट्या होतात. तो निदान माणसाला दवाखान्यात तरी पाठवतो. आबाजींचा मुका होता. दुखला नाही, लाल झाला नाही, त्याने काही सांगितलेच नाही.

शिबिरात मोती दाखवायला म्हणून ते गेले. डॉक्टरांनी मिटल्या पापण्यांवर दोन्ही तर्जन्या ठेवून डोळे हलकेच दाबून पाहिले आणि म्हणाले, 'हा पिकायची वाट पाहण्यातला नाही, अकोल्याला न्या.' अकोल्यात त्यांना उताणे निजवून, डोळा बधिर करून, बुबुळावर धातूचे एक छोटे यंत्र टेकवून दाब मोजला. शियॉट्झ नावाच्या नॉर्वेजियन डॉक्टरांचे १९०५ सालचे ते यंत्र तेव्हा सगळीकडे चालायचे. कडेची नजर तपासायला डॉक्टर समोर बसून बोट हलवायचे आणि विचारायचे, 'दिसते का?' आबाजी प्रत्येक वेळी 'दिसते' म्हणायचे, कारण हा परीक्षेचा प्रकार आहे आणि परीक्षेत 'नाही' म्हणायचे नसते असे त्यांनी धरले होते.

घरी आली ती पायलोकार्पिनची बाटली. दिवसातून चार वेळा, दोन्ही डोळ्यांत. ब्राझीलमधल्या जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांतून निघालेले हे औषध युरोपातल्या डॉक्टरांनी १८७०च्या दशकात काचबिंदूसाठी वापरायला घेतले होते. म्हणजे अकोटच्या आमच्या ओट्यावर आबाजींच्या डोळ्यात पडणारा थेंब शंभर वर्षांचा जुना होता, आणि त्याला फारसा पर्याय नव्हता. डायमॉक्सच्या गोळ्या होत्या, पण त्यांनी बोटांना मुंग्या यायच्या आणि भूक मरायची.

थेंब टाकायचे काम माझ्याकडे आले, कारण माझी बोटे बारीक होती आणि शाळेची वेळ सोडली तर मी घरातच असायची. आबाजी खाटेवर मान मागे टाकून बसत, मी खालची पापणी ओढायची, आणि ते नेमके थेंब पडायच्या क्षणी डोळा मिटत. पायलोकार्पिनने बाहुली अगदी बारीक होते. भुवईवर ठणका लागतो, आणि उजेड आत शिरायची वाटच अरुंद झाल्यामुळे सगळीकडे अंधारल्यासारखे वाटते. दुपारचा थेंब ते कसाबसा घेत. दिवेलागणीचा नको म्हणत. 'पोरी, हे दवाई टाकली का दिवसाच रात होते मले,' ते सांगत. मग एकदा त्यांनी वकिलासारखे विचारले, 'दवाई टाकली तर दिसत नाई, नाई टाकली तर दिसते. मंग हे दवाई कायची?'

या प्रश्नाला घरात कोणाकडेच उत्तर नव्हते. ते औषध आजच्या दिसण्यासाठी नव्हतेच. दहा वर्षांनंतर दिसावे म्हणून होते. आजचा त्रास रोखीने आणि फायदा पुढे उधारीत, असा हा व्यवहार. शेतकऱ्याला तो कळायला हरकत नव्हती, पण आबाजींना तसे कोणी सांगितले नाही.

ऑपरेशनची गोष्ट निघाली होती. निघाली तशी बुडाली, कारण गल्लीत एक उदाहरण तयार होते. त्या गृहस्थांचे काचबिंदूचे ऑपरेशन झाले आणि काही दिवसांत उरलीसुरली नजर गेली. 'आपरेशन केलं अन् डोया गेला,' हे वाक्य अकोटात पुराव्यासारखे फिरे. त्यात किती खरे होते ते आज कळते. तेव्हा माणूस ऑपरेशनपर्यंत पोचायचाच मुळी सगळे संपत आल्यावर. नसेतले शेवटचे थोडे तंतू उरलेले असताना ऑपरेशनचा धक्का काही जणांना खरोखर सोसत नाही. आणि बाकीच्यांची नजर ऑपरेशन केले नसते तरी जाणारच होती. पण जाणाऱ्या नजरेचे खापर शेवटी ज्याने हात लावला त्याच्यावर फुटते.

ऑपरेशन नवे नव्हते, आणि परके तर मुळीच नव्हते. १९०९ मध्ये, म्हणजे आबाजींच्या जन्माच्या सुमारास, मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री इलियट यांनी डोळ्याच्या भिंतीला बारीक गोल भोक पाडून आतले पाणी बाहेर काढायची रीत बसवली. ती मद्रासहून जगभर गेली. पण भोक उघडे असल्यामुळे कधी पाणी फार वाहून डोळा मऊ पडे, कधी काही वर्षांनी त्या वाटेने जंतू शिरत. केंब्रिजच्या डॉ. केर्न्स यांनी १९६८ मध्ये त्यावर उपाय काढला: भोकावर डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीचेच अर्ध्या जाडीचे झाकण ठेवायचे आणि ते टाक्यांनी बेताने आवळायचे. ट्रॅबेक्युलेक्टॉमी ती हीच. केंब्रिजपासून अकोटापर्यंत यायला तिला जो वेळ लागला त्यात आबाजींचे डोळे संपले. शेवटची वर्षे त्यांनी पावलांच्या आवाजावरून माणसे ओळखत ओट्यावर काढली.

त्या काळाची आठवण निघाली की आम्हा भावंडांचा गळा दाटतो तो औषधासाठी नव्हे, हातांसाठी. घर माणसांनी भरलेले होते. आबाजींचा थेंब चुकला तो त्यांच्या हट्टाने. टाकायला कोणी नाही असे कधी झाले नाही. मी शाळेत असले तर आई, आई शेतात गेली तर काकू, काकू माहेरी गेली तर शेजारची वहिनी. आज असे घर कुठे आहे, असे दादा म्हणतो, आणि मीही मान हलवते.

पण मान हलवताना मला ते हात दिसतात, आणि ते सगळे बायकांचे आहेत. घरातल्या एकाही पुरुषाने आबाजींच्या डोळ्यात थेंब टाकल्याचे मला आठवत नाही. ते अकोल्याला नेत, बाटली आणत, पैसे देत. चार वेळा ओट्यावर येऊन पापणी ओढायचे काम मात्र बाईमाणसाचे. आणि आजी? ती निवडायचे सूप डोळ्याजवळ धरायची, संध्याकाळी तुळशीच्या ओट्याला अडखळायची, भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायची. तिला डोळ्यांसाठी अकोल्याला कोणी नेले नाही. तिने कधी म्हटलेही नाही. तिच्या डोळ्यांत मोती होता, काच होता की दोन्ही, हे कळायला आता मार्ग नाही. भरलेल्या घराच्या हिशोबात हीही एक ओळ लिहायला हवी.

आता तेच घर आहे आणि त्यात दादा-वहिनी दोघेच. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला, मी अमरावतीला. मीटरगेज गेली, गेज बदलासाठी मार्ग काही वर्षे बंद राहिला आणि २०२२च्या नोव्हेंबरात अकोट-अकोला ब्रॉडगेज गाडी धावू लागली. त्याच सुमारास पूर्णा नदीवरचा गांधीग्रामचा जुना पूल बंद झाला होता, त्यामुळे लोकांना ती गाडी देवासारखी पावली. अकोल्यात २००२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी डोळ्यांचे दवाखाने आहेत. आबाजींना जे मिळाले नाही ते सगळे दादाच्या तासाभराच्या अंतरावर आहे.

तरीही दादाचा काचबिंदू उशिरानेच सापडला. त्याची खूण पहिल्यांदा पानमळ्यात दिसली. मळ्यात आधीच सावली. तिथे तो वेलांच्या आधारांना खांदे घासत चालू लागला. मग मोटरसायकल घेऊन चौकात वळताना उजवीकडून आलेला ऑटो त्याला दिसलाच नाही. 'एकदम कुठून आला कोण जाणे,' असे तो आठवडाभर सांगत होता. आबाजींची सायकल मला आठवली आणि मी त्याला अकोल्याला घेऊन गेले.

तपासण्या बदलल्या आहेत. दाब मोजताना आता निजायचे नाही, हनुवटी टेकवून निळ्या उजेडात पाहायचे. कडेची नजर तपासायला पांढऱ्या घुमटात डोके घालून बसायचे. आत कुठेतरी बारीक दिवा लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. इथे 'दिसते' म्हणून चालत नाही, न दिसलेल्या दिव्याला बटण दाबले तर यंत्र तेही पकडते. शेवटी कागद येतो. दादाच्या उजव्या डोळ्याचा कागद मधला थोडा भाग सोडून बराचसा काळा होता, डाव्याची वरची बाजू काळवंडू लागली होती. १९९१ मध्ये जगापुढे आलेले ओसीटी नावाचे यंत्र नसेच्या थराची जाडी मायक्रोनमध्ये सांगते, तिथेही तेच. डॉक्टर बाईंनी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, 'काका, हे काळं परत पांढरं होणार नाही. आता पांढरं राहिलंय ते राखायचं.'

थेंबही बदलले. टिमोलॉलला अमेरिकेत १९७८ मध्ये मान्यता मिळाली आणि पायलोकार्पिनचे राज्य संपले. दिवसातून चारऐवजी दोनदा, आणि अंधार नाही. पण दमेकऱ्याला ते चालत नाही, नाडीही मंद करते. १९९०च्या दशकात डॉर्झोलामाइड, ब्रिमोनिडिन आणि लॅटानोप्रोस्ट आले. लॅटानोप्रोस्ट रात्री एकच थेंब. त्याने पापण्यांचे केस लांब आणि काळे होतात; सत्तरीच्या दादाच्या पापण्या पाहून वहिनी हसते. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो तेव्हा वीज गेली की वहिनीला आधी ती बाटली आठवते, मग दूध.

तीन बाटल्या सुरू झाल्या. उजव्या डोळ्याचा दाब उतरला, पण बाईंना हवा होता तितका नाही. तेव्हा त्यांनी विचारले: औषध वाढवून थेंबांवरच राहायचे की ट्रॅबेक्युलेक्टॉमी करायची? आबाजींना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्यांच्यापुढे एक बाटली होती आणि एक भीती होती. दादापुढे दोन वाटा होत्या, दोन्ही खऱ्या, आणि त्यामुळे त्याची झोप उडाली.

समजायला त्याला वेळ लागला नाही. 'म्हंजे शेतात पाणी तुंबलं,' तो म्हणाला. 'थेंब टाकनं म्हंजे वरून येनारं पाणी कमी करा, जुना चर साफ करा. आपरेशन म्हंजे बांध फोडून नवा चर काढा.' बाई म्हणाल्या, अगदी तसेच. 'अन् चर बुजला तर?' यालाही त्यांच्याकडे उत्तर होते. शरीर ती जखम भरून काढायला पाहते, म्हणून ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन नावाचे औषध लावून ती भरणे मंदावतात. तरी काहींचा बुजतो, मग पुन्हा थेंब, कधी पुन्हा ऑपरेशन. काहींचा फारच वाहतो. मोतीबिंदू लवकर वाढू शकतो. आणि वरच्या पापणीखाली पाण्याचा जो लहानसा फुगवटा राहतो तो जन्मभर जपायचा; डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी दवाखाना.

मग मी वाचायला घेतले. नेमका हाच प्रश्न घेऊन ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झाला आहे. २७ रुग्णालयांतल्या, निदानाच्या वेळीच काचबिंदू फार पुढे गेलेल्या ४५३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली: एकाला आधी ऑपरेशन, दुसऱ्याला आधी थेंब. २०२१ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनंतर रोजच्या जगण्यात, वाचण्या-चालण्यात दोन्ही गटांना जवळपास सारखेच वाटत होते. दाब मात्र ऑपरेशनच्या गटात सरासरी १२.४ होता आणि थेंबांच्या गटात १५.१. पुढे पाच वर्षांच्या निकालातही जगणे सारखेच, पण ऑपरेशन झालेल्यांची कडेची नजर कमी खालावलेली. ऑपरेशनने डोळा जातो, ही आमच्या गल्लीतली साक्ष या अभ्यासापुढे टिकत नाही. फार पुढे गेलेल्या आजारातही ऑपरेशन थेंबांपेक्षा अधिक घातक ठरले नाही.

मी ते कागद घेऊन अकोटला गेले आणि तिथे गेल्यावर कळले की हिशोब अजून व्हायचाच आहे. ब्रिटनमधल्या रुग्णाला तपासणीची पुढची तारीख सरकारी पत्राने घरी येते. आमच्याकडे प्रश्न वेगळे. थेंब टाकतो कोण? दादा म्हणायचा, 'टाकतो ना मी.' पण महिनाभर पुरायला हवी ती बाटली पंधरवड्यात संपायची, कारण निम्मे थेंब गालावर. ज्या डोळ्याची नजर गेली आहे त्याच डोळ्याने बाटलीचे टोक नेमायचे, हा या आजाराचा क्रूर विनोद. वहिनीचे हात कापतात. दोन औषधांमध्ये पाच मिनिटे थांबायचे, थेंबानंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटे दाबून धरायचा; हे करायला सांगणारे जवळ कोणी नाही. दर महिन्याचा बाटल्यांचा खर्च जन्मभराचा आहे. दुसऱ्या बाजूला ऑपरेशन एकदाच, पण त्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने पुन्हा पुन्हा अकोला. स्टेरॉइडचे थेंब दिवसातून अनेकदा. वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, डोळ्यात पाणी आणि धूळ जाऊ द्यायची नाही. आणि दादाचे म्हणणे, 'कापूस घरात आला का पाहू.'

म्हणजे थेंब की ऑपरेशन हा प्रश्न अकोटात येईपर्यंत वेगळाच झाला होता: जन्मभर रोज थोडे हात लागणार, की तीन महिने पुष्कळ हात लागणार? आबाजींच्या घरात पहिले परवडले असते. दादाच्या घरात दुसरेच परवडणार होते. जन्मभरासाठी माणूस मिळत नाही. तीन महिन्यांसाठी मिळवता येतो.

बाईंना आम्ही हे जसेच्या तसे सांगितले. त्यांना ते अवांतर वाटले नाही. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन, डाव्याला रात्रीचा एक थेंब आणि सकाळी दोन औषधे एकत्र असलेली बाटली, असे ठरले. कापसाची पहिली वेचणी बटाईदाराने पाहिली. पुण्याहून भाचा लॅपटॉप घेऊन येऊन राहिला आणि त्याने बापाच्या डोळ्यात थेंब टाकले. आमच्या घराण्यात पुरुषाने ते केल्याचे मी पहिल्यांदा पाहिले. त्याला ते बरे जमले. तो गेल्यावर मी आले. मला तर सराव होताच; फक्त दादा आबाजींसारखा डोळा मिटत नाही, तो छताकडे पाहून कापसाचा भाव सांगतो.

ऑपरेशनही आता वेगळे आहे. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि दिवसचे दिवस उताणे पडणे, हे आबाजींच्या काळातल्या लोकांनी सोसले. दादा त्याच दिवशी घरी आला. पुढच्या भेटींत बाईंनी एक टाका सैल केला, मग आणखी एक. पाणी किती वाहू द्यायचे ते असे हळूहळू ठरवता येते. दाब बाराच्या आसपास स्थिरावला.

गल्लीतले लोक भेटायला येऊ लागले. प्रत्येकाचा प्रश्न एकच: 'मंग, दिसाले लागलं का?' दादा सांगायचा, 'जेवढं होतं तेवढंच दिसते.' लोक 'अरेरे' म्हणायचे. वहिनीने चहा ठेवता ठेवता एकाला समजावले, 'अवं भाऊ, तेवढंच राह्यलं हेच तं झालं.' काचबिंदूच्या यशाला पट्टी सुटल्याचा आनंद नाही. त्यात काहीच घडत नाही, आणि काही घडू नये यासाठीच सगळी धडपड असते. शिबिराच्या मोत्यांवर वाढलेल्या आमच्या गावाला हे पचायला अजून वेळ लागेल.

जुन्या काळातले काय परत हवे, असे कोणी विचारले तर पायलोकार्पिन नको, वाळूच्या पिशव्या नकोत, कांद्याचा रस तर नकोच. नव्या काळातलेही सगळे बरे नाही. उन्हाळ्यात पोरांचे डोळे खाजतात तेव्हा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन् महिने टाकतात; त्यानेही दाब चढतो आणि कोवळ्या वयात काचबिंदू होतो. आबाजींच्या वेळी असा आजार विकत मिळत नव्हता. आणि उशीर तर आजही तितकाच आहे. २०१० च्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. दक्षिणेतल्या सर्वेक्षणांत असे रुग्ण सापडले तेव्हा बहुतेकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हते. यंत्रे अकोल्यापर्यंत आली, पण त्यांच्यापुढे हनुवटी टेकवायला माणूस नजर जाऊ लागल्यावरच जातो.

हा आजार घराण्यात चालतो. आई-बाप किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला असेल तर बाकीच्यांचा धोका बराच वाढतो, म्हणून बाईंनी आम्हा सर्वांना बोलावले. माझे दाब तूर्त ठीक आहेत, वर्षाला एकदा तपासायचे. बंगळूरच्या भाचीने, म्हणजे दादाच्या मुलीने, आठवड्यात तपासून घेतले. राहिला भाचा, ज्याने बापाच्या डोळ्यात इतके दिवस थेंब टाकले. चाळिशी उलटली आहे, आजोबांच्या बापाचा आणि स्वतःच्या बापाचा इतिहास आहे. फोनवर म्हणाला, 'आत्या, मार्चनंतर पाहतो. अप्रेझल होऊन जाऊ दे.' मी म्हटले, 'बाप्पा, तुझ्या बापाचा कापूस घरात यायचा होता, तुझं अप्रेझल यायचं आहे. नसेतल्या तंतूंना दोन्ही सारखेच.'

त्याच्या बायकोने फोन घेतला आणि म्हणाली, 'आत्या, काळजी करू नका, मी नेते त्यांना.' तिचा हात पुढे येणार हे मला ठाऊकच होते. मी तिला म्हटले, 'त्याला जाऊ दे त्याच्या पायांनी. तू तुझी वेगळी वेळ घे, आणि तुझेही डोळे दाखव.'